शिकवणीचे सर घरी येण्याआधी

गिरणगावात शिकवणीच्या ताईंची चौकशी कुणी करत नसे. ती चाळीनेच आधी केलेली असे. दुसऱ्या मजल्यावरच्या डी.एड. झालेल्या ताई संध्याकाळी दार उघडं टाकून बसायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा पोरं मांडीला मांडी लावून आणि मावली नाहीत ती बाहेर गॅलरीत. पाढा चुकला की तीन खोल्या पलीकडे कळायचं. कुणाच्या पोराला काय येत नाही हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं. ताई कशा शिकवतात, कुणावर हात उगारतात, कुणाची फी दोन महिने थकली तरी गप्प बसतात, हेही तितकंच ठाऊक असायचं. नाव खराब झालं तर ताईंना त्याच जिन्यावरून रोज खाली उतरायचं होतं. इतकी कडक पडताळणी आज कुठलंही ॲप करत नाही.

त्या चाळी आता जात आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची घरं पाडून ५०० चौरस फुटांची घरं उभी राहत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर कधीच आले. मोठं घर मिळालं हे चांगलंच झालं. त्याबद्दल हळहळणारे बहुधा चाळीत न राहिलेले असतात. पण घराला दोन खोल्या आणि एक बंद दार मिळालं, तशी शिकवणीही दाराआड गेली. सर गेटवर येतात, रखवालदार ॲपवर नोंद करतो, आईच्या फोनवर ‘मंजूर करा’ असा निरोप येतो आणि सर लिफ्टने बाराव्या मजल्यावर. सर किती वाजता आले आणि किती वाजता गेले हे मिनिटासकट कळतं. मधल्या तासात काय झालं, ते कळत नाही.

लालबागच्या अशाच एका इमारतीतल्या आईचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. नाव सांगायला तिची हरकत नव्हती, पण मुलगा अजून शाळेत आहे, म्हणून इथे दिलेलं नाही. मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला. घटक चाचणीत गणिताने घात केला. वर्गातल्या मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका सरांचा नंबर टाकला. कुणी टाकला, त्यांच्या मुलाला ते शिकवतात का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. निरोप तिसऱ्या ग्रुपवरून पुढे सरकत आला होता. सर नीटनेटके, इंग्रजी फर्डं. पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण तास असं काही शिकवलं की स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या आईलाच गणिताची गोडी लागावी. तीन महिन्यांची फी आगाऊ, रोखीत. पावती मागणं बरं दिसलं नसतं.

दर शनिवारी सर चाचणी घ्यायचे. वीसपैकी अठरा, वीसपैकी एकोणीस. वही आरशासारखी स्वच्छ. आणि सहामाहीत मुलगा होता तिथेच. तेव्हा घरातल्या आजोबांनी, जे गिरणीत हिशेबनीस होते, वहीतलंच एक उदाहरण काढलं, त्यातले आकडे बदलले आणि नातवाला सोडवायला दिलं. त्याला पहिली पायरीही मांडता आली नाही. वहीतलं अक्षर मुलाचं होतं, पायऱ्या सरांच्या होत्या. सर सांगायचे, तो लिहायचा. शनिवारी तीच उदाहरणं चाचणीला. सरांना विचारलं तर म्हणाले, पाया कच्चा आहे, आणखी तीन महिने लागतील. उरलेले पैसे मागितल्यावर त्यांचा फोन लागेनासा झाला.

ही आई आता ओळखीतल्या प्रत्येकीला बजावते की पहिला दिवस बघताना सरांकडे बघू नका, मुलाकडे बघा. त्या पाऊण तासात पोरगं किती बोललं? पेन कुणाच्या हातात होतं? चुकल्यावर सरांनी लगेच उत्तर सांगितलं, की ‘हे कसं आलं?’ असं विचारून थांबले? जो शिक्षक पहिल्या भेटीत स्वतः कमी बोलून मुलाच्या जुन्या वह्या चाळतो, त्याचा प्रयोग रंगत नाही, पण तो कामाचा. आजोबांची युक्ती तर कुठल्याही घरात चालते आणि तिला गणित यावं लागत नाही. दर पंधरा दिवसांनी वहीतलं एक उदाहरण आकडे बदलून द्यायचं. मराठी-इंग्रजी असेल तर धड्याखालचा प्रश्न न देता धड्यात काय झालं ते पुस्तक मिटून सांगायला लावायचं.

सातवीतल्या त्या मुलाचं अडलं होतं सहावीत. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी त्याला नीट कळलेली नव्हती, त्यामुळे सातवीतला गुणाकार-भागाकार आला तसा तो घसरला. हे शोधायला तीन महिन्यांची फी लागत नाही. बालभारतीची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. मागच्या दोन इयत्तांचे सरावसंच काढायचे, प्रत्येकातली दोन-दोन उदाहरणं सोडवायला द्यायची, की गाडी कुठल्या स्टेशनात अडकली आहे ते रविवारच्या एका दुपारी समजतं. सरांना पहिल्या दिवशी ‘गणित कच्चं आहे’ असं सांगणं आणि ‘सहावीचे पूर्णांक येत नाहीत’ असं सांगणं यात फार फरक आहे. दुसरं ऐकल्यावर नुसतं वेळ काढणाऱ्या सरांचा चेहरा उतरतो.

त्याआधी शाळेत जायला हवं, आणि इथेच बहुतेक पालक संकोचतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं आणि पालकांशी नियमित भेटी घेऊन मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. म्हणजे वर्गशिक्षिकेला भेटून ‘हा नेमका कुठे अडतोय?’ असं विचारणं यात उपकार मागणं नाही. साठ मुलांच्या वर्गात बाईंना किती जमेल हा प्रश्न खरा, पण अडचण कुठे आहे एवढं त्या दहा मिनिटांत सांगू शकतात. अनेक शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास असतात आणि आपल्या मुलाचं नाव त्या यादीत आहे हे घरी माहीतच नसतं. मुलगा कसा सांगेल?

गिरगावातल्या एका कुटुंबाची अडचण वेगळीच होती. मुलीच्या वर्गशिक्षिकेनेच सुचवलं, की संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. नाही म्हणायची सोय नाही, कारण पेपर तपासणार त्याच, प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिणार त्याच. घरच्यांनी पाठवलं, गुण वाढले आणि मुलीला विषय कळला की बाईंना फी मिळाली, हे वर्षभर कुणाला उमगलं नाही. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलल्या तेव्हा उमगलं. याच कायद्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला साफ मनाई केली आहे. नववी-दहावीत तर प्रत्येक विषयाचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. तिथे शिक्षक आणि शिकवणी एकाच माणसाकडे असणं कुणाच्याच हिताचं नाही, मुलाच्याही नाही. अशी सूचना आली तर एकट्याने भांडत बसू नये. पालक-शिक्षक संघात, इतर तीन-चार पालकांना सोबत घेऊन, कुणाचं नाव न घेता विषय काढला तरी पुरतं. मुख्याध्यापकांना कळायचं ते कळतं.

खाजगी शिकवणी ही काही आजची गोष्ट नाही. परदेशी शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनीही मुंबईत उमेदवारीच्या दिवसांत पोटासाठी काही काळ शिकवण्या केल्या होत्या. आणि त्यांच्या शाळकरी वयात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला ज्यांनी हेरलं, ते कृष्णराव अर्जुन केळूसकर शिक्षकच होते. स्वतःही तिथे वाचायला येणाऱ्या केळूसकरांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. असा गुरू नंबर फिरवून मिळत नाही हे कबूल. तरी केळूसकरांनी सुरुवात कशी केली ते पाहण्यासारखं आहे: मुलगा काय वाचतो आहे, ते त्यांनी आधी पाहिलं.

आता बोर्डाचं. ‘सर सगळे बोर्ड घेतात’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताच्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात, ४० गुणांचं बीजगणित आणि ४० गुणांची भूमिती. सीबीएसईत एकच ८० गुणांची, तीही ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन प्रकारांतून निवडायची. आयसीएसईची मांडणी आणखी वेगळी. गणित तेच असतं, पण प्रश्न विचारण्याची आणि गुण देण्याची रीत तीच नसते. सेमी इंग्रजीच्या मुलांची तर खास गोची होते, कारण गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. इंग्रजीतच समजावणारे सर त्यांना ऐकायला छान वाटतात आणि डोक्यावरून जातात. म्हणून सरांना थेट विचारावं, गेल्या वर्षी याच बोर्डाची, याच माध्यमाची किती मुलं होती आणि त्यांच्यापैकी दोघांच्या पालकांशी बोलता येईल का. चांगला शिक्षक यावर रागावत नाही.

दादर-माटुंगा-परळच्या पालकांना एक सोय आहे, ती म्हणजे आसपास कॉलेजं भरपूर. व्हीजेटीआयची इंजिनिअरिंगची मुलं, केईएममधली भावी डॉक्टर मंडळी खर्चाला हातभार म्हणून शिकवण्या घेतात. पुष्कळदा फार छान शिकवतात, कारण त्यांना स्वतःला काय कठीण गेलं होतं ते आठवत असतं. मात्र त्यांच्याही परीक्षा असतात, आणि त्या शाळेच्या परीक्षांच्या अलीकडे-पलीकडेच येतात. मार्चमध्ये दादा गायब झाला, असं म्हणण्यापेक्षा जूनमध्येच त्याच्या परीक्षांचं वेळापत्रक विचारून घ्यावं. डोंबिवली-विरारहून लोकलने येणाऱ्या सरांचंही असंच. भर पावसात रूळ पाण्याखाली गेले की तास बुडणार. तो भरून द्यायचा की फीतून वजा करायचा, हे आधी ठरलेलं बरं.

आणि गणपती! लालबागमध्ये त्या दहा दिवसांत बाहेरच्या सरांना रस्ता ओलांडून इमारतीत शिरता येत नाही, अर्धे विद्यार्थी कोकणात गेलेले असतात, आणि सहामाही समोर उभी असते. याचा हिशेब दर वर्षी होतो आणि दर वर्षी वाद होतो.

पैशांकडे वळायचं तर कायद्याचा आधार अर्धवटच आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शिक्षक किमान पदवीधर असावा, गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये, फीची पावती द्यावी, विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं सगळं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच देऊ नये असंही आहे. पण ही तत्त्वं पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी. बाराव्या मजल्यावर येणारे सर, शेजारच्या विंगमधल्या बाई, बारा मुलांची बॅच घेणारे दादा हे सगळे त्याच्या बाहेर. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध नियमावली आणली. निकालानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-छायाचित्र वापरायचं नाही. हीसुद्धा मोठ्या क्लासेसनाच लागू. दादर स्टेशनबाहेर दोन वेगळ्या क्लासच्या फलकांवर एकाच मुलाचा हसरा फोटो पाहिलेल्यांना या नियमाची गरज सांगायला नको.

घरगुती शिकवणीला कायदा पोहोचत नाही तिथे कागद पोहोचतो. वकिली करार नको. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, फी किती, बुडलेल्या तासाचं काय, थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. सरांनी ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलं की झालं. फी महिन्याची महिन्याला, आणि शक्यतो यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. तीन महिन्यांच्या आगाऊ रकमेवर सूट देणाऱ्याला ती सूट का परवडते, हा विचार करावा. ब्युरोमार्फत शिक्षक मिळत असेल तर ब्युरोचा हिस्सा पहिल्या महिन्याच्या फीतून जातो, ही चालत आलेली पद्धत. सर दाखवण्याआधीच ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याला नमस्कार करावा. मोठ्या क्लासने १८ टक्के जीएसटी लावला तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक आहे का, ते पाहावं.

हप्त्यांवर मिळणाऱ्या ‘कोर्स’बद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने बायजूजच्या प्रमुखांना पाचारण केलं होतं. पालकांच्या गळ्यात कर्जाचे करार मारून अभ्यासक्रम विकल्याच्या तक्रारी होत्या. जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कोर्स आवडला नाही तरी वित्त कंपनीचा हप्ता सुरूच राहतो, हे अनेक घरांना तेव्हा कळलं. टॅब घेऊन घरी आलेल्या तरुणाने ‘फक्त इथे ओटीपी सांगा’ म्हटलं, तर तो ओटीपी कर्जाचा आहे की नावनोंदणीचा, हे वाचल्याशिवाय ओठ उघडू नयेत. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ऑनलाइन पैशांचा मामला असेल तर १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

काही घरांत एकामागून एक सर बदलले जातात आणि प्रत्येक जण तेच सांगतो, की मुलगा हुशार आहे पण लक्ष देत नाही. अशा वेळी चौथे सर शोधू नयेत. अक्षरं उलटी येतात, तोंडी सगळं सांगतो पण लिहिताना कोलमडतो, वरच्या इयत्तेत येऊनही साध्या बेरजेला बोटं लागतात, अशी लक्षणं असतील तर प्रश्न शिकवणीचा नसून अध्ययन अक्षमतेचा असू शकतो. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला तेव्हा घराघरात त्याची चर्चा झाली, पण आपल्या पोराच्या बाबतीत ते असेल असं कुणाला वाटत नाही. परळला केईएम रुग्णालयात बालरोग विभागाचं अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. तपासणीला नंबर लावून थांबावं लागतं, तरी थांबावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुख्य म्हणजे त्या मुलाला लागतात विशेष शिक्षक; नेहमीचे सर कितीही चांगले असले तरी ते त्यांचं काम नाही. यात वाया गेलेली दोन-तीन वर्षं फीपेक्षा महाग पडतात, कारण तोवर मुलाने स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेलं असतं.

सुरक्षिततेबद्दल आडपडदा न ठेवता बोलावं. शिकवणी दिवाणखान्यात, दार उघडं, घरात मोठं माणूस हजर. हा नियम सर पुरुष असोत की बाई, ओळखीचे असोत की नसोत, सगळ्यांना सारखा लावला की कुणाचा अपमान होत नाही. आधार कार्ड पाहून घ्यावं. मुंबई पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र सरांकडे असेल तर उत्तम, नसेल तर काढायला सांगण्यात गैर काही नाही. मुलांकडून मात्र चौकशीच्या सुरात काढून घेऊ नये. ‘आज सरांनी काय गंमत केली?’ असं विचारलं की पोरं सगळं सांगतात. एखादं पोरगं अचानक शिकवणीच्या वेळी पोट दुखतं म्हणू लागलं, तर ते नाटक आहे असं गृहीत धरू नये. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ चोवीस तास असते.

केंद्राच्या सांख्यिकी खात्याच्या २०२५ मधल्या पाहणीत शहरांतल्या ३०.७ टक्के विद्यार्थ्यांनी त्या वर्षात खाजगी शिकवणी घेतल्याचं आढळलं. म्हणजे दहापैकी सात जणांनी घेतलेली नाही. व्हॉट्सॲप ग्रुप वाचणाऱ्या आईला हे पटणार नाही; तिथे सगळ्यांचीच चालू असते. घरात जागा नाही, शांतता नाही, एवढीच अडचण असेल तर शिकवणीऐवजी अभ्यासिका पुरते. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात ते उगीच नाही. रस्त्याच्या दिव्याखाली बसून तिथे किती पिढ्यांनी परीक्षा दिल्या.

शिकवणी सुरू करतानाच ती थांबवायची कधी, हे ठरवणारी घरं फार थोडी. लालबागच्या त्या मुलाला पुढे परळच्या एका निवृत्त शिक्षिका आठवड्यातून दोनदा शिकवू लागल्या. त्यांनी सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, वही बरेच दिवस खाडाखोडीने भरलेली असायची आणि आईचा जीव वरखाली व्हायचा. वार्षिक परीक्षेनंतर बाई म्हणाल्या, आता याला माझी गरज नाही. आईने आग्रह केला, आठवी अवघड असते, राहू द्या ना. बाईंनी मुलाला सांगितलं, सहामाहीनंतर वही घेऊन ये, बघू. एप्रिलची फी त्यांनी निम्मीच घेतली, कारण परीक्षा महिन्याच्या मध्यालाच संपली होती.